सर्व्हरचं पान उघडेना

ढेब्यांची धनश्री डेअरीत कामाला लागली तेव्हा घरच्यांना वाटलं, पोरगी दूध मोजायला बसली. तिच्या वडिलांच्या, म्हादू ढेब्यांच्या, घरात म्हशी, दूध आणि खवा यापलीकडचं काम कुणी केलं नव्हतं. डेअरीत जायचं, दुधाला बोटही लावायचं नाही आणि तरी पगार घ्यायचा, हे तिच्या आईला, चंद्राबाईला, समजावून सांगताना धनश्रीच्या नाकी नऊ आले होते.

त्यांचा धनगरवाडा वेल्ह्याच्या वर, डोंगराच्या खांद्यावर. गाडीरस्ता खालच्या गावापर्यंत येतो, पुढं चढाची पायवाट. त्या वाटेनं उतरून धनश्री वेल्ह्याच्या शाळेत शिकली, भोरला वसतिगृहात राहून कॉम्प्युटरची पदवी घेतली आणि नसरापूरजवळच्या एका खाजगी डेअरीत चिकटली. नसरापुरातच एका घराच्या मागच्या बाजूला तिनं खोली घेतली. शनिवारी दुपारी एसटी धरायची, रविवारी वर राहायचं, सोमवारी सकाळी परत यायचं, असा बेत होता. पहिले काही महिने तो चाललाही. मग सर्व्हर तिच्या गळ्यात पडला.

सर्व्हर म्हणजे एक काळा लोखंडी खोका. पूर्वी जिथं पेंडीची पोती ठेवायचे त्या बिनखिडकीच्या खोलीत तो दिवसरात्र घरघरत असायचा. कुणाचं किती दूध आलं, फॅट किती लागलं, कुठला टेम्पो कधी सुटला, सगळं त्याच्या पोटात. शेतकऱ्याच्या मोबाईलवर मेसेज जायचा तोही तिथूनच. या खोक्याला स्वतःचा पडदा नव्हता. ऑफिसातल्या कॉम्प्युटरवर त्याचा नंबर टाकला की त्याचं पान उघडायचं, आणि त्या पानावरून धनश्री त्याला चालू करायची, थांबवायची, अडलं तर मोकळं करायची. दुसऱ्या कुणाला ते पान उघडता येत नव्हतं. मालक आनंदराव म्हणायचे, चावी एकाच्या हातात बरी.

पण खोका अडायला वेळकाळ बघत नसे. धनश्रीनं डेअरीच्या फोनसाठी वेगळी रिंग लावून ठेवली होती. आंघोळीला जाताना ती मोबाईल प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून न्यायची आणि बादलीशेजारी ठेवायची. चुलत बहिणीच्या हळदीतून ती तशीच पिवळ्या हातांनी निघून आली होती. एकदा तर वेल्ह्याला एसटीतून उतरली, वरच्या वाटेला लागणार तोच रिंग वाजली, आणि त्याच एसटीनं ती परत फिरली. कंडक्टरनं परतीचं तिकीट फाडलं. हळूहळू तिनं शनिवारची पिशवी भरणंच सोडून दिलं.

तिच्या आधी हे काम हनुमंत नावाचा माणूस बघायचा. आंबवड्याचा. सर्व्हर आणला त्यानं, बसवला त्यानं, आणि एक दिवस फोन बंद करून जो गेला तो पुन्हा फाटकात दिसला नाही. डेअरीत त्याचं नाव निघालं की आनंदराव तोंड वाकडं करायचे. धनश्रीनं त्याला कधी पाहिलं नव्हतं. बेजबाबदार माणूस, एवढंच तिच्या मनात बसलं होतं.

उन्हाळ्यात चंद्राबाई पाणवठ्यावर घसरली आणि तिचं मनगट मोडलं. खालच्या गावातल्या माणसाच्या फोनवरून म्हादूनं ही बातमी दिली. तो जास्त बोलणारा नव्हता. आईच्या हाताला पलिस्तर घातलंय, दोन म्हशी व्यालेल्या आहेत, माझ्याच्यानं सगळ्यांच्या धारा होत नाहीत, एवढंच त्यानं सांगितलं. ये म्हणाला नाही. त्यानं ये म्हटलं नाही हेच धनश्रीला जास्त लागलं.

ती आनंदरावांकडे रजा मागायला गेली. माणूस वाईट नव्हता. त्यांनी आईची चौकशी केली, भोरच्या हाडाच्या डॉक्टरचं नाव सांगितलं. मग म्हणाले, जा की, पण सर्व्हर तिथून उघडला पाहिजे. धनगरवाड्यात रेंज नव्हती, वरच्या माळावर गेलं तर मिळायची. धनश्रीनं हिशेब केला, सकाळ-संध्याकाळ माळावर लॅपटॉप घेऊन जाऊन बसता येईल. डेअरीत नुकतीच नवी इंटरनेटची लाईन आली होती, तिची डबी सर्व्हरच्या खोलीतच भिंतीवर बसवली होती. पुण्याच्या इंटरनेटवाल्याला तिनं फोन केला. तो म्हणाला, सोपं आहे, सर्व्हरला आमच्या नव्या लाईनचा नंबर द्या आणि दुसऱ्या पोर्टला घ्या, बाहेरून उघडायची सोय मी करून देतो.

दुसऱ्या दिवशी सकाळचं दूध आटपलं, टाक्या धुऊन झाल्या, संध्याकाळच्या दुधाला अवकाश होता. आनंदराव भोरला लग्नाला गेले होते. धनश्रीनं सर्व्हरचं पान उघडलं, जुना नंबर खोडून नवा घातला, खाली पोर्ट विचारला होता तिथं पहिल्याऐवजी दुसरा निवडला, सगळं दोनदा वाचून पाहिलं आणि बटण दाबलं.

पडद्यावर गोल फिरायला लागलं. फिरत राहिलं. मग पान पांढरं झालं.

तिनं नवा नंबर टाकला. पान उघडेना. जुना टाकला, तोही उघडेना. कॉम्प्युटर बंद करून चालू केला, लॅपटॉपवर पाहिलं, मोबाईलवर पाहिलं. मागल्या खोलीत जाऊन आली, तर खोका नेहमीसारखा घरघरत होता, दिवे लुकलुकत होते. म्हणजे तो जिवंत होता, फक्त कुणाला ओळख देत नव्हता. तेवढ्यात फॅट तपासणारी कोमल काउंटरवरून उठून आली आणि म्हणाली की काट्याचा पडदा लाल झालाय, वजन पुढं जाणार नाही.

 धनश्रीनं ऑफिसातल्या कॉम्प्युटरचा पडदा आणि कीबोर्ड उचलला, पेंडीच्या खोलीत नेला आणि सरळ खोक्याला जोडला. काळ्या पडद्यावर पांढरी अक्षरं आली. नाव विचारलं, पासवर्ड विचारला. तिनं आपलं नाव घातलं. चुकीचं आहे म्हणाला. पुन्हा घातलं, पुन्हा तेच. मग तिच्या लक्षात आलं की तिचं नाव फक्त त्या पानापुरतं होतं. पान मिळालं तर ती मालकीण, नाहीतर कुणीच नाही. खोक्याच्या मूळ दाराचा पासवर्ड हनुमंतनं घातला होता आणि तो कुणाला न सांगता निघून गेला होता.

खोलीत पंखा नव्हता. पेंडीचा जुना वास भिंतींत मुरलेला, त्यात खोक्यातून येणारी गरम हवा. धनश्री जमिनीवर बसली. पान उघडत नाही तोवर इथून हलता येणार नाही. आणि आज ना उद्या उघडलं, तरी यापुढं आनंदराव रजेचं नाव काढू देणार नाहीत. इथून सुटायचं म्हणून तर तिनं हा उद्योग केला होता. वर आई एका हातानं म्हशीखाली बसली असेल, हे चित्र तिच्या डोळ्यांपुढून जाईना.

मोबाईल वाजला, त्याच रिंगनं. आनंदरावांना काट्यावरच्या बंडूकाकांनी कळवलं होतं. लग्नातल्या बँडच्या आवाजात ते विचारत होते, काय झालंय. धनश्री म्हणाली, थोडं अडलंय, बघतेय. त्यांनी बजावलं की दूध आल्यावर लोकांना मेसेज गेलाच पाहिजे, मागल्या वेळेला अर्धा दिवस मेसेज गेले नाहीत तर गावागावांतून फोन आले होते. ती हो म्हणाली. फोन ठेवल्यावर तिच्या ध्यानात आलं की आपण खोटं बोललो.

बंडूकाकांकडे हनुमंतचा नवा नंबर होता. त्यांनी तो जरा कचरतच दिला. धनश्रीनं लावला. पलीकडून हॅलो आलं. ती म्हणाली, मी डेअरीतून बोलतेय. फोन कट झाला. पुन्हा लावला तर उचललाच नाही.

बंडूकाका म्हणाले, "कापूरहोळला पाण्याच्या मोटारी भरायचं दुकान हाय त्याचं. फाट्याच्या जवळच. पर तो हितलं काय ऐकून घ्यायचा न्हाई."

धनश्रीनं कोमलची स्कूटी मागितली आणि उन्हात निघाली. हायवेला लागताना समोरून दुधाच्या रिकाम्या किटल्या घेऊन जाणारा टेम्पो गेला. तासा-दोन तासांत हेच टेम्पो भरून येतील. तिथं कोमल आणि बंडूकाका लाल पडद्यासमोर उभे असतील आणि लोक विचारतील, ढेब्यांची पोरगी कुठं गेली. वाटेत तिच्या मनात एकदा आलं, सरळ असंच पुढं जावं, फोन बंद करावा. हनुमंतनं हेच केलं असेल का, हा विचार तिला तेव्हा पहिल्यांदा शिवला.

दुकान म्हणजे पत्र्याची एक अरुंद खोली. विहिरींच्या मोटारी उघड्या पडलेल्या, तांब्याच्या तारांची रिळं टांगलेली. हनुमंत चाळिशीचा, बारीक, चष्मेवाला माणूस. मोटारीत तार भरत होता. ती कोण हे त्यानं विचारायच्या आधीच ओळखलं.

"म्या त्या फाटकात पाय ठेवणार न्हाई," तो म्हणाला.

धनश्री म्हणाली, येऊ नका, फक्त पासवर्ड सांगा. त्यावर तो म्हणाला, आठवत नाही. तिला ते खरं वाटेना. उन्हानं, घाबरण्यानं तिचा आवाज चढला. ती म्हणाली की माझ्या आईचा हात मोडलाय, मला वर जायचंय, तुमचा राग डेअरीवर असेल तर त्यात मी का भरडली जाऊ. आणि मग, तिला नको असताना, तिच्या डोळ्यांत पाणी आलं.

हनुमंतनं तार खाली ठेवली. आतून पाण्याचा तांब्या आणून दिला. मग त्यानं टेबलावरचे नटबोल्ट बाजूला सारले आणि लाकडावर बोटं ठेवली, जणू तिथं कीबोर्डच आहे. डोळे मिटून बोटं चालवली. चार-पाच ठिकाणी ती भराभर पडली आणि मग थांबली. पुन्हा पहिल्यापासून चालवली, पुन्हा तिथंच अडली.

"बोटांना ठावा व्हता," तो म्हणाला. "डोक्यात कधी नव्हताच. आता बोटंबी इसरली."

तो खोटं बोलत नव्हता, हे तिला आता दिसलं. ती पायरीवर बसली. हनुमंत आपणहून सांगायला लागला. वडिलांच्या दहाव्याला तो आंबवड्याच्या नदीवर होता. भटजी सांगत होते, पिंड ठेवलेला, सगळे कावळ्याची वाट बघत होते आणि फोन वाजत होता. बंद केला तर भावाच्या फोनवर वाजला. भाऊ त्याच्याकडं ज्या नजरेनं बघत होता ती नजर त्याला अजून सलते. त्यानं त्या दिवशी फोन बंद केला, तो बरेच दिवस उघडला नाही. पासवर्ड कुणी मागितला असता तर तेव्हा दिला असता, पण मागायला कुणी आंबवड्याला आलं नाही. लोक त्याला दगाबाज म्हणतात हे त्याला ठाऊक होतं.

 धनश्रीनं त्याच्याबद्दल मनात जे धरून ठेवलं होतं त्याची तिला लाज वाटली. मग त्यानंच विचारलं, तू नेमकं केलंस काय. ती सगळं सांगत गेली. नवा नंबर घातला. तो बरोबर होता का? होता, दोनदा वाचला. मग खाली पोर्ट विचारला होता, इंटरनेटवाला म्हणाला दुसऱ्या पोर्टला घ्या, म्हणून पहिल्याचा दुसरा केला.

"आन वायर?" हनुमंतनं विचारलं.

धनश्री बोलता बोलता थांबली. पोर्ट म्हणजे वायर खोचायची जागा, आणि खोक्याच्या पाठीमागं तशा दोन जागा होत्या. वायर पहिल्या जागेत होती. वर्षानुवर्षं होती. तिनं खोक्याला सांगितलं होतं की आता दुसऱ्या जागेतून बोल, आणि दुसरी जागा रिकामी होती. इंटरनेटवाला बोलला होता तो त्याच्या स्वतःच्या डबीच्या दुसऱ्या जागेबद्दल, सर्व्हरच्या नव्हे. खोका सकाळपासून बोलतच होता, पण जिथं कुणी नव्हतं तिकडं तोंड करून.

ती उठली. दादा, येते, एवढंच तिच्या तोंडून निघालं. हनुमंतनं मान हलवली आणि पुन्हा तार हातात घेतली.

ती पोचली तेव्हा फाटकात टेम्पो लागलेले होते. पण आरडाओरडा नव्हता. कोमलनं माळ्यावरून जुना काटा काढून पुसला होता, बंडूकाका वजन पुकारत होते आणि कोमल कागदावर लिहून घेत होती. लोक रांगेत उभे राहून लग्नसराईच्या गप्पा मारत होते. मेसेज आला नाही म्हणून कुणाचं दूध नासलं नव्हतं. धनश्री त्यांच्यामधून वाट काढत पेंडीच्या खोलीत गेली. खोक्याच्या मागं हात घालून वायर काढली आणि दुसऱ्या जागेत खोचली. तिथला दिवा आधी पिवळा झाला, मग हिरवा. वायरीचं दुसरं टोक तिनं नव्या लाईनच्या डबीच्या दुसऱ्या जागेत बसवलं, लॅपटॉप तिथंच जोडला, नवा नंबर टाकला.

पान उघडलं. डाव्या बाजूला नेहमीच्या ओळी, वर तिचं नाव. ती बराच वेळ त्याच्याकडं नुसती बघत राहिली. आनंद असा झाला नाही. मग तिनं काट्याच्या कॉम्प्युटरचे नंबर नव्या लाईनला जुळवून घेतले, कोमलला हाक मारून विचारलं, आणि लाल पडदा गेल्याचं कळलं तेव्हा ती बाहेर येऊन नळावर तोंड धुऊन बसली.

आनंदराव संध्याकाळी थेट लग्नाच्या कपड्यांतच आले. डोक्याला फेटा तसाच. सगळं सुरू झालेलं पाहून ते खूश झाले. पान आता बाहेरूनही उघडतं हे कळल्यावर तर जास्तच. म्हणाले, मग काय, आता खुशाल जा, कुठंही असलीस तरी काम अडायचं नाही.

 धनश्रीला माळावर लॅपटॉप घेऊन बसलेली ती स्वतःच दिसली. खाली घर, म्हशी, आई, आणि ती वर रेंजमध्ये. आज ना उद्या, हनुमंतसारखा एखाद्या दहाव्यालाही फोन वाजेल.

"साहेब," ती म्हणाली, "चावी एकट्या माझ्याकडं राहिली तर मी वर जाऊनही इथंच असणार. मी कोमलला शिकवते. नाहीतर माझ्या जागी दुसरं कुणी बघा."

"कोमल फॅट बघते," आनंदराव म्हणाले.

"मीही आधी म्हशीच बघायचे."

आनंदरावांनी फेटा काढून टेबलावर ठेवला. हनुमंतच्या वेळी आपण काय केलं होतं हे त्यांना आठवलं की नाही, कोण जाणे. ते बघू म्हणाले आणि गाडीकडं गेले. त्या बघूचा अर्थ हो नव्हता, नाहीही नव्हता. धनश्रीनं त्याची वाट पाहिली नाही. दुसऱ्या दिवशी सकाळचं दूध झाल्यावर कोमलला शेजारी बसवलं आणि पान उघडून दाखवलं. कोमल घाबरली होती. काही बिघडलं तर, म्हणत होती. धनश्री म्हणाली, बिघडेल, मग वायर कुठं आहे ते बघायचं.

मूळ पासवर्ड मात्र तसाच अडकून राहिला होता. धनश्रीनं कापूरहोळला फोन लावला. यावेळी हनुमंतनं उचलला. तो फाटकात आला नाहीच. दुपारच्या मोकळ्या वेळात फोन स्पीकरवर ठेवून, खोका बंद करून वेगळ्या वाटेनं उघडायचा कसा ते त्यानं एकेक करून सांगितलं, आणि धनश्री-कोमल दोघींनी मिळून नवा पासवर्ड घातला. दोघींना पाठ होईपर्यंत घातला. बंडूकाका दारात उभे राहून ऐकत होते. हनुमंतचा आवाज इतक्या दिवसांनी त्या खोलीत आला होता, आणि फोन ठेवायच्या आधी त्यांनी पुढं होऊन त्याच्या आईची विचारपूस केली.

मग धनश्री वर गेली. लॅपटॉप नेला नाही. पहिल्या दिवशी म्हशीनं तिला धार काढू दिली नाही. अंगाला डेअरीच्या साबणाचा वास येतोय म्हणून असेल. चंद्राबाई पलिस्तराचा हात गळ्यात अडकवून शेजारी येऊन बसली, म्हशीशी बोलत राहिली, तेव्हा कुठं पान्हा सुटला. दुधाची वेळ झाली की धनश्रीचा जीव माळाकडं ओढायचा. एकदा ती गेलीही. रेंज आली, मोबाईल थरथरला, कोमलचा मेसेज होता की सगळं ठीक आहे, इकडं येऊ नकोस. तरी ती तिथं बसून राहिली. दुसरं काय करायचं ते तिला पटकन उमगेना. म्हादू गुरं घेऊन त्याच बाजूनं आला. तिच्याकडं बघून त्यानं विचारलं, "काय, बोलावलं का?"

"न्हाई," ती म्हणाली.

"मंग चल की खाली."

धनश्री आजही त्याच डेअरीत आहे. आनंदराव काही अडलं की अजून आधी तिलाच फोन लावतात, आणि ती बहुतेक वेळा उचलते. वेगळी रिंग मात्र तिनं काढून टाकली आहे. एकाआड एक रविवार कोमलचा असतो. त्या शनिवारी धनश्री नसरापूरच्या स्टँडवर उभी असते, कधी एसटी मिळते, कधी वेल्ह्याचा टेम्पो. चंद्राबाईचं मनगट थोडं वाकडं जुळलं, पण धार काढता येते. पोरगी डेअरीत नेमकं काय करते हे तिला अजून नीट सांगता येत नाही. कुणी विचारलं तर ती म्हणते, तिथं एक खोका हाय, तो हिला सोडत न्हाई, पर आता दोघी जणी मिळून बघत्यात.